लिंक रीसेटचा पॅच तपासताना आधी लूप शोधा

साताऱ्याचा एक सहकारी परवा फोनवर म्हणाला, "दादा, वीसच ओळींचा पॅच आहे, नजर टाका आणि पुढे ढकला." मी सांगलीत विश्रामबागला घरी बसून तो उघडला. संगणकातल्या कार्डाची लिंक अडकली की ती रीसेट करणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरच्या कोडमधला हा बदल. रीसेटच्या वीस ओळी मी दोनशेच्या भावानंच वाचतो.

पहिल्यांदा रजिस्टर, म्हणजे कार्डाची स्थिती सांगणारे छोटे कप्पे, वाचणारे लूप शोधा. पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड संगणकाला जोडणारी, लिंक पडली तरी वाचताना सहसा एरर मिळत नाही. सगळे बिट १ होऊन येतात. मग 'रेडी बिट १ होईपर्यंत थांब' म्हणणारा लूप मेलेल्या कार्डालाही पहिल्याच फेरीत तयार समजतो. 'बिझी बिट ० होईपर्यंत'वाला तर जन्मभर फिरत राहतो. या पॅचात पहिला प्रकार निघाला. आलेली किंमत सगळीच १ आहे का, ते आधी तपासायचं आणि लूपला वेळेची मर्यादा घालायची.

मग लॉक. रीसेटचं फंक्शन म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून चालू वर्क (ड्रायव्हरनं मागे लावलेलं काम) संपायची वाट बघतंय आणि त्या वर्कलाही तोच म्युटेक्स हवाय, असं तर नाही ना? मग दोघंही बसले पहिले आप करत.

रीसेटनंतर कॉन्फिग स्पेस (कार्डाच्या सेटिंग्जची जागा) परत भरली का, बस मास्टरिंग (कार्डाला स्वतः मेमरीत डेटा लिहा-वाचायची मुभा) सुरू केलं का, हे चटकन बघून होतं.

चाचणी मात्र मोकळ्या कार्डावर नको. डेटा भरभरून वाहत असताना सिसएफएसमधल्या (लिनक्स डिव्हाइस जिथं फाइलींच्या रूपात दाखवतं तिथल्या) त्या डिव्हाइसच्या रीसेट फाइलीत १ लिहा. एकदा नाही, रात्रभर, स्क्रिप्ट लावून.