मोटरहोमची स्लाइड अडली? बटण पुन्हा दाबू नका: जॅक आणि स्लाइडच्या या चुका टाळा

आम्ही डॅलसला राहतो आणि गेली सात वर्षं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरतोय. 34 फुटी गाडी, पेट्रोलवर चालणारी, दोन स्लाइड (गाडी उभी असताना भिंतीसकट बाहेर सरकणारा खोलीचा भाग), चार हायड्रॉलिक जॅक (तेलाच्या दाबावर खाली येऊन गाडी सरळ उभी करणारे पाय). ओळखीतल्या मराठी घरांमध्ये कुणी गाडी विकत घेतली, कुणी आठवड्यासाठी भाड्याने घेतली, की माझा नंबर त्यांच्याकडे जातो. मग लाँग वीकेंडला फोन सुरू. "जॅक खाली येत नाहीत", "स्लाइड अर्ध्यात अडकली", "नुसता टक टक आवाज येतोय". मी पहिलं एकच विचारतो: बटण किती वेळा दाबलंत? उत्तर क्वचितच दहाच्या आत असतं.

या यंत्रणा नाजूक नाहीत, आपण त्या मोडतो. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघून आता लिहायलाच घेतलं.

"बॅटरी 12.5 दाखवतेय, म्हणजे चांगली आहे"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जॅकचा पंप, स्लाइडची मोटर, कंट्रोलर, सगळं 12 व्होल्ट डीसीवर चालतं. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला 50 अँपिअरची जाड केबल लावली, की लोकांना वाटतं भरपूर वीज आहे. पण ती 120 व्होल्टची वीज. तिचे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बऱ्याच गाड्यांत 45 ते 55 अँपिअरचा असतो. हायड्रॉलिक पंप सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो आणि ती वरची गरज बॅटरीच भागवते. केबल लावलेली असूनही बॅटरी दमलेली असेल, तर पंप फिरणार नाही.

दुसरी गोष्ट, स्वस्थ पडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज बघून पुरेसं कळत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते. प्रश्न आहे तो ओझं पडल्यावर, म्हणजे पंप किंवा मोटर ओढायला लागल्यावर, किती उरतं याचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर होतो. ती जागा जवळपास 7,000 फुटांवर, नोव्हेंबरात पहाटे नळाचं पाणी गोठतं. शेजारच्या साइटवर ह्यूस्टनचं एक मराठी कुटुंब होतं, नाशिकहून आलेल्या आई बरोबर. निघायच्या दिवशी सकाळी त्यांची मोठी, हायड्रॉलिक पंपावर चालणारी स्लाइड आत येईना. ती बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. मी गेलो तेव्हा मावशी दारात शाल घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, तू तरी बघ रे. हा सकाळपासून नुसतं बटण दाबतोय."

मुलगा घायकुतीला आलेला. फोनवर एका मेकॅनिकने "पंपाची मोटर गेली" म्हणून सांगून टाकलं होतं. 1,400 डॉलर आणि माल सोमवारनंतर. मी विचारलं, "बॅटरी बघितलीस?"

"दादा, आत्ताच बघितली. 12.5 आहे."

मी मीटरच्या दोन्ही सुया पंपाच्या टर्मिनलवर ठेवल्या आणि त्याला म्हटलं, दाब. पंप कण्हल्यासारखा आवाज करून थांबला. मीटरवर 8.9. मग त्याच सुया बॅटरीवर ठेवल्या, पुन्हा दाबायला लावलं. 11.8. बॅटरीतून 11.8 निघतायत आणि पंपापर्यंत 8.9 पोचतायत, म्हणजे जवळपास 3 व्होल्ट वाटेत गायब. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी चासिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडावर, पुन्हा बटण. 2.6 व्होल्ट. चांगल्या जोडणीत तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर चासिसला जिथे बोल्टने बांधतात, ज्याला आपले मेकॅनिक अर्थिंग म्हणतात, ती जागा त्या गाडीत पायरीच्या मागे होती. आडवं होऊन टॉर्च मारला. लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) कडेला पांढरट-हिरवी पूड, खाली तांबूस गंज, आणि बोल्ट चक्क बोटांनी फिरत होता. खांबाची केबल काढली, बॅटरी सोडवली, बोल्ट काढला, लग आणि चासिस दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, पान्याने आवळलं, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (ओलावा लागू न देणाऱ्या) हात फिरवला. वीस मिनिटं लागली. इंजिन चालू करून बटण दाबलं आणि स्लाइड एका दमात आत आली. मावशींनी त्या थंडीत सगळ्यांना आल्याचा चहा पाजला.

मोटर बदलून त्या गाडीचं काहीही भलं झालं नसतं. नवी मोटरही 8.9 व्होल्टवर अशीच कण्हली असती. शिवाय दर वेळी अपुऱ्या व्होल्टेजवर बटण दाबलं, की अडलेली मोटर जास्त करंट ओढून तापते आणि सोलेनॉइडचे, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट जळतात. सकाळपासून चाळीस वेळा दाबून चांगली मोटर खरोखर घालवलेली माणसंही मला माहीत आहेत.

माझी सवय अशी: जॅक किंवा स्लाइड हलवताना इंजिन चालू ठेवतो, म्हणजे अल्टरनेटरकडून 14 च्या आसपास व्होल्ट मिळतात. काही गाड्यांत स्लाइडसाठी इग्निशन बंदच लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा. आणि महिन्यातून एकदा, बॅटरी सोडवून, प्रत्येक लग हाताने हलवून बघतो. मीटर वीस डॉलरचा येतो. तो घेतल्याशिवाय मोटर बदलायचं नावही काढू नका.

पार्किंग ब्रेक

लावलेला नसेल तर बहुतेक मोटरहोममध्ये जॅक हलणारच नाहीत, अनेकांत स्लाइडही नाही. तो ओढलेला आहे पण त्याचा स्विच बिघडलाय, असंही होतं. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागतो का, ते आधी बघा.

मागची चाकं हवेत

इथे मी आवाज चढवतो. उतारावर गाडी सरळ करायच्या नादात लोक मागचे जॅक इतके वर घेतात, की मागची चाकं जमिनीवरून सुटतात. पेट्रोलवरच्या मोठ्या गाड्यांमध्ये पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर किंवा मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. चाकं हवेत गेली की ब्रेक उरलाच नाही. दहा टनांची गाडी चार जॅकच्या पायांवर उभी, आणि ते पाय बाजूचा जोर सोसण्यासाठी बनवलेलेच नाहीत. गाडी जॅकवरून घसरली तर जॅक वाकतो, आणि आसपास खेळणाऱ्या पोरांचं काय होईल ते मला लिहायचंसुद्धा नाही.

उतार जास्त असेल तर साइट बदलून मागा. ते शक्य नसेल तर गाडी पुढेमागे करून चाकांखाली रुंद फळ्या द्या, मग जॅक टेकवा. चाकांना ठोकळे लावायचेच. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, चप्पल काढायलाही नाही.

जॅकच्या पायाखाली पॅड हवेतच. मऊ माती सोडा, टेक्ससच्या ऑगस्टमध्ये डांबरातसुद्धा पाय रुततो. संध्याकाळी सरळ केलेली गाडी सकाळी कललेली दिसते आणि लोक "जॅक लीक होतोय" म्हणून फोन करतात. आधी पायाखाली बघा.

तेल भलत्या वेळी तपासणं

हायड्रॉलिक तेलाची पातळी सगळे जॅक वर आणि सगळ्या स्लाइड आत असतानाच बघायची. जॅक खाली असताना टाकी उघडली तर तेल कमी दिसणारच, ते सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. घाईची माणसं लगेच बाटली रिकामी करतात, निघताना जॅक वर घेतले की जास्तीचं तेल टाकीतून उतू जातं, आणि तो ओघळ बघून पुन्हा फोन: "लीक आहे!" कुठलं तेल चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल, म्हणजे एटीएफ, चालतं, पण सगळ्यांत नाही.

स्लाइडला अर्ध्यात थांबवायची सवय

हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत भिंतीतल्या रुळांवर चालणारी स्लाइड असते, लोक तिला श्विंटेक म्हणतात. तिला दोन मोटरी, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांना जोडणारा दांडा नसतो. दोघींचे फेरे कंट्रोलर मोजतो आणि त्यांना बरोबरीने चालवतो. स्लाइड टोकाला टेकून मोटरी आपणहून थांबल्या, की दोन्ही बाजू पुन्हा जुळतात.

आता लोक काय करतात? थोडी बाहेर, थांब. खुर्ची सरकव, आणखी थोडी. टोकाला टेकल्यासारखी वाटली की बटण लगेच सोडायचं. अशाने दोन बाजूंतला फरक साठत जातो आणि एक दिवस स्लाइड तिरकी येते. एका बाजूची फट बोटभर, दुसऱ्या बाजूची शून्य. मग जोर लावला जातो आणि रुळावरचे दाते झिजतात.

म्हणून बटण दाबलं की दाबूनच ठेवा. स्लाइड टेकली, मोटरींचा आवाज बंद झाला, त्यानंतरही मी मनात तीन आकडे मोजतो आणि मगच बोट काढतो. थोडी तिरकी झालीच असेल तर पूर्ण बाहेर न्या, मोटरी थांबेपर्यंत बटण धरा, काही इंच आत घ्या, पुन्हा पूर्ण बाहेर. दोन-तीनदा केलं की सहसा जुळते. नाहीच जुळली तर कंट्रोलरच्या डब्यावरचे दिवे बघा. हिरव्या दिव्याची उघडझाप कुठली मोटर ते सांगते, लाल दिव्याची कुठला दोष ते सांगते. आकडे मोजून लिहून घ्या आणि मगच कुणाला फोन करा. नुसतं "स्लाइड चालत नाही" म्हटलं तर कुणालाही काही सांगता येत नाही.

त्याच डब्यावर मोड बटण असतं. ते पटपट सहा वेळा दाबून सातव्यांदा पाचेक सेकंद धरून ठेवलं, की दोन्ही दिवे लुकलुकतात आणि स्लाइड सक्तीने हलवता येते. पण या अवस्थेत कंट्रोलर दोन्ही बाजू जुळवत बसत नाही. एक माणूस आत, एक बाहेर, तिरकी व्हायला लागली की लगेच थांबायचं. अडलेल्या गाडीला घरी आणण्यापुरती ही सोय आहे. व्हिडिओ बघून हीच रोजची पद्धत करून ठेवलेले लोक भेटतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तीन महिन्यांत रूळ भिंतीतून उखडायला आलेले असतात.

दोन ओळींत संपणाऱ्या, पण रोज होणाऱ्या

आधी गाडी सरळ, मग स्लाइड बाहेर. निघताना आधी स्लाइड आत, मग जॅक वर. बहुतेक गाड्यांचा हाच क्रम, तुमच्या कंपनीचा वेगळा असेल तर तो पाळा.

स्लाइड आत घेताना ड्रायव्हरची खुर्ची मागे रेललेली नको. आणि जमीन झाडून घ्या. एका घरी चिवड्याचा स्टीलचा डबा स्लाइडखाली सापडला आणि तीन फरश्या तडकल्या.

स्लाइडच्या छतावर किंवा त्यावर ताणलेल्या कापडावर पाइनच्या काड्या, पाणी, बर्फ काही असेल तर आधी शिडी लावून झाडा. ते सगळं आत येऊन रबराच्या सीलमध्ये अडकतं.

रुळांना चिकट ग्रीस लावू नका, धूळ धरून त्याची कानस होते. सुकं वंगण लावा. रबराला डब्ल्यूडी-40 नको, रबराचं वेगळं कंडिशनर मिळतं.

जॅक वर घेतल्यावरही अलार्म वाजत राहिला, तर बहुतेक वेळा दांड्यावर चिखल वाळलेला असतो. फडक्याने पुसा, सिलिकॉन स्प्रे मारा. रस्त्यावर जाण्याआधी वाकून चारही जॅक डोळ्यांनी बघा.

ऑटो लेव्हल दर वेळी वाकडंच उभं करतं

ऑटो लेव्हल म्हणजे एका बटणावर जॅक आपोआप चालवून गाडी सरळ करणारी सोय. यात सहसा जॅकचा दोष नसतो. बरेचदा कंट्रोल पॅनेल बदलल्यावर, कधी बॅटरी बरेच दिवस सोडलेली असल्यावर, सेन्सर आपलं शून्य विसरतो. गवंडी वापरतात ती स्पिरिट लेव्हल घरातल्या जमिनीवर आडवी-उभी ठेवून हाताने गाडी सरळ करा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने तेच शून्य म्हणून साठवा. हे चालढकल करण्यासारखं नाही. गॅसवर चालणाऱ्या ॲबसॉर्प्शन फ्रिजला, त्याच्यासमोर उभं राहून बघितलं तर, डावी-उजवीकडे साधारण 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंशांपर्यंतचाच कल चालतो. त्याहून वाकडा चालवला तर आतलं अमोनियाचं द्रावण नीट वाहत नाही आणि फ्रिज कायमचा जातो.

हाताने फिरवायचं हँडल

सगळं करूनही स्लाइड आत आली नाही, तर तिला हाताने आत घ्यायची सोय जवळपास प्रत्येक गाडीत असते. कुठे मोटरचा ब्रेक सोडून रॅचेट लावायचा, कुठे पंपाच्या टोकाला ड्रिल, कुठे मोटर मोकळी करून चार जणांनी ढकलायचं. हे रात्री पावसात टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा शोधायचं नसतं. नवी गाडी आली त्याच आठवड्यात घराच्या ड्राइव्हवेत एकदा स्लाइड बाहेर काढा आणि वीज न वापरता आत घेऊन दाखवा, नवरा-बायको दोघांनीही. आम्हाला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली होती, आता पंधरा लागतात. आमचं हँडल दाराच्या आतल्या बाजूला पट्ट्याने बांधलेलं आहे, शेजारीच मीटर.