मूल अ‍ॅडमिट असताना उशाशी एक वही ठेवा
डेंग्यूसाठी मूल दाखल केलं की सिस्टर दर काही तासांनी विचारतात, "शू किती वेळा झाली? पाणी किती प्यायला?" रात्रभर जागलेल्या आईला ते कुठून आठवणार? आणि सलाईन किती द्यायचं हे ठरवताना तर याच नोंदी लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून वेळ घालून लिहा: पाणी, शू, उलटी, ताप. राउंडला विचारायचे प्रश्नही आदल्या रात्री त्यातच टिपून ठेवा.

ताप उतरला म्हणजे सुटलो, असं डेंग्यूत समजू नका. त्यानंतरचे २४ ते ४८ तास जास्त जपायचे असतात. पोट खूप दुखायला लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हातपाय गार पडले किंवा मूल मलूल झालं, तर राउंडची वाट न पाहता लगेच सिस्टरना बोलवा.

सुई टोचताना "काही दुखणार नाही" असं मात्र सांगू नका. "थोडं दुखेल, मी हात धरलाय," म्हणा.