पितळी टोपी कुठे फुगते, ते आधी बघा

आयटीआयला फिटर किंवा टूल अँड डाय मेकर करून कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत नव्याने लागणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. सुरुवातीला हातात हमखास येणारं एक काम म्हणजे प्रेसवर पितळेच्या पातळ टोपीत स्टीलचा बुश, म्हणजे नळीसारखा गोल तुकडा, दाबून बसवायचा आणि तोंडाची कड आत वळवून क्रिंप करायची. दिसायला पोरखेळ. पण टोपी फुगायला लागली की मशीन लावणाऱ्या सेटरपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद, ‘प्रेशर कमी कर.’ प्रेशर कमी केलं की बुश अर्धवट बसतो, फुगवटा जिथल्या तिथे राहतो आणि शिफ्ट वाया जाते. मशीनला हात लावायच्या आधी जॉब, म्हणजे दाबून झालेली टोपी, हातात घ्या. फुगवटा कुठल्या उंचीवर आहे आणि सगळीकडून आहे की एकाच अंगाला, एवढं नीट बघितलं तरी निम्मं काम झालं.

मुळात थोडं फुगणं हा दोषच नाही. समजा टोपीचा आतला व्यास १२ मिमी एच७ आहे (एच७, पी६ या मापात किती फरक चालतो, म्हणजे टॉलरन्स, सांगणाऱ्या खुणा), म्हणजे १२.००० ते १२.०१८. बुश पी६, म्हणजे १२.०१८ ते १२.०२९. बुश टोपीपेक्षा मोठाच ठेवलेला आहे, म्हणून तर तो घट्ट बसतो. भिंत पातळ असली की आतून जेवढं ताणलं जवळपास तेवढं ती बाहेरून वाढते. बुश बसलाय तिथपर्यंत टोपी एक-दोन, फार तर तीन शतांश मिमी जाड लागणारच. ट्यूबलाइटखाली जॉब आडवा धरून बोटांनी हळू फिरवा. पितळेवर पडलेली उजेडाची रेघ बुशच्या कडेशी किंचित मोडते. मोड सगळीकडून सारखी आहे आणि बाहेरचा व्यास ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये आहे ना? मग जॉब पास. माल तपासणाऱ्या नव्या क्यूसीवाल्याशी यावरून वाद होतो, तेव्हा ड्रॉइंग पुढे करा, आवाज चढवू नका.

फुगवटा एकाच अंगाला असेल तर बुश तिरका गेलाय. का गेला, हे शोधायला एक मार्कर पुरतो. टोपी नेस्टमध्ये, म्हणजे प्रेसखालच्या तिच्या खाचेत, ठेवताना ऑपरेटरच्या बाजूला खूण करा आणि दाबा. पुढची टोपी घ्या. दाबल्यावर त्याच बाजूला फुगली, तिच्या पुढचीही त्याच बाजूला, तर दोष प्रेसचा: पंच (वरून दाबणारा दांडा) आणि नेस्ट एका सेंटरला नाहीत, पंच धरून वरखाली होणारा रॅम ढिला आहे किंवा पंचाचं तोंड काटकोनात नाही. फुगवटा दरवेळी भलत्याच दिशेला येत असेल तर मशीन सोडा आणि माल तपासा. डीप ड्रॉ केलेल्या, म्हणजे पत्रा खोल ओढून बनवलेल्या, टोपीची भिंत एका बाजूला पातळ असू शकते, तोंडाला बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, असू शकतो, नाहीतर बुशला पुढून चॅम्फरच, म्हणजे कडेला तिरका उतारच, दिलेला नसतो. चॅम्फर नसला की बुशची धारदार कड टोपीच्या तोंडावर अडते आणि जिकडे वाट मिळेल तिकडे कलते. टोपीचं तोंड आधी किंचित उमलून घेतलं तर बुश आपोआप सरळ उतरतो. हा जादा स्टेज लावायला मालक कुरकुरतो. रिजेक्शनचा ढीग दाखवा, कुरकुर थांबते.

तोंडाच्या लगेच खाली, गोल कड्यासारखा फुगवटा आला तर क्रिंप जास्त झालंय. इथे बहुतेक जण फसतात, कारण स्ट्रोक, म्हणजे पंच किती खाली येतो ते, बदललेला नसतो. बदललेली असते टोपीची उंची. ट्रिमिंगला एखादी टोपी लांब राहिली की ठरलेल्या स्ट्रोकमध्ये तिच्यावर जास्त दाब येतो. कड वळून झाली, तरी पंच खाली येतच असतो, मग भिंत बाहेर पडते. उंची सारखी करा. आणि बुश बसवणं व क्रिंप एकाच ठोक्यात करत असाल तर दोन स्टेशन करा. बुश अजून खाली सरकत असताना कड त्याला पकडायला गेली की भिंत चुरगळते.

तळाजवळचा फुगवटा वेगळा. टोपीच्या आत तळाशी रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, असतो आणि तिथली भिंत जाडही असते. बुश लांब असला किंवा त्याचा चॅम्फर त्या रेडियसपेक्षा लहान असला, तर तो तिथे पाचर मारतो. कधी तर आत साचलेलं तेलच कारण निघतं. तेल दबत नाही आणि बंद टोपीत त्याला जायला वाट नसते, म्हणून तळ घुमटासारखा बाहेर येतो. शंका आली तर एक जॉब हॅकसॉने उभा चिरा, कानशीने कापलेली बाजू साफ करा आणि बुश कुठे टेकलाय ते डोळ्यांनी बघा.

मोबाइलवर परदेशातले पिस्तुलाची काडतुसं रिलोड करायचे व्हिडिओ बघणारी पोरं प्रत्येक शॉपमध्ये असतात. काडतुसाची केस म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताची टोपीच, त्यामुळे तिथलं गणितही हेच: तोंड पुरेसं उमललं नाही तर गोळी तिरकी बसून एक अंग फुगतं, क्रिंप जास्त झालं तर तोंडाखाली फुगतं आणि काडतूस पिस्तुलाच्या चेंबरमध्ये जात नाही. व्हिडिओ बघण्यापुरतं ठीक. घरी करायचा विचारसुद्धा नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. त्याच कामाची ओढ असेल तर खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांच्या अप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

मोजताना एक पथ्य. मायक्रोमीटर दोनच ठिकाणी टेकतो. जॉब तीन अंगांनी फुगला असेल तर तो कुठूनही सारखंच माप दाखवू शकतो. जॉब व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर (व्ही ब्लॉक) ठेवून वरून डायल गेज लावा आणि पूर्ण फेरी फिरवा.

शेवटचा मुद्दा फुगलेला माल वाचवण्याचा. नेमक्या मापाच्या कड्यातून (सायझिंग रिंग) ढकलला की माप येतं, पण पितळेत ताण राहतो. ब्रिटिश काळात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असताना आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला ताण हे त्यामागचं कारण १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांडलं. आपल्याकडे वर्कशॉपच्या भिंतीला लागून गोठा किंवा युरियाच्या पोत्यांचं गोडाऊन असणं काही नवं नाही. म्हणून सुट्या टोप्या रिंगमधून काढल्या असतील तर बुश दाबायच्या आधी २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवून ताण काढून घ्या. बुशसकट जॉब रिंगमधून काढला असेल, तर तो पाठवायचा की भंगारात टाकायचा हे साहेबांकडून लेखी घ्या.