भिगवणचा रोहू, आंध्रचा रोहू आणि एक जेल

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रोजेक्टसाठी विषय घेतला: मत्स्यशेतीतला रोहू आणि धरणातला रोहू, दोघांच्या स्नायूंतल्या प्रथिनांची तुलना. पुण्यात हे काम तसं सोयीचं. आंध्रच्या तळ्यांतला रोहू बर्फातून इथल्या बाजारात येतो, आणि सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवणला उजनी धरणाचा मासा लिलावाला लागतो. यंदा असा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे अडीच महिने ज्यात गेले, ते तुमचे जाऊ नयेत.

पहिलं जेल, म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारी पातळ लादी, अजून डोळ्यांसमोर आहे. १२ टक्के ॲक्रिलामाइडचं, रात्रभर कूमासी या निळ्या रंगात ठेवलेलं. सकाळी रंग उतरवला तर उजनीच्या लेनमध्ये (म्हणजे त्या नमुन्याच्या उभ्या रांगेत) वर २०० किलोडाल्टनच्या (प्रथिनांच्या वजनाचं एकक) आसपास मायोसिनचा जाड पट्टा, ४२ पाशी ॲक्टिन, त्याखाली ट्रोपोमायोसिन, ही स्नायूंची मुख्य प्रथिनं, सगळं स्वच्छ. शेतीच्या लेनमध्ये मायोसिन फिका आणि त्याखाली बारीक पट्ट्यांची शिडीच. फरक सापडला म्हणून मी धावत माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी जेल उजेडात धरलं आणि एकच विचारलं, "हा मासा मेला कधी?"

मला सांगता येईना. भिगवणचा मासा मी सकाळी घेऊन दुपारी उणे ८० अंशांत ठेवला होता. बाजारातला किती दिवस थर्मोकोलच्या खोक्यात होता, कोण जाणे. मासा मेल्यावर त्याच्याच स्नायूंतली कॅल्पेन आणि कॅथेप्सिन ही विकरं प्रथिनं तोडू लागतात. बर्फाने ते मंदावतं, थांबत नाही. मग उजनीचाच मासा मुद्दाम पाच दिवस बर्फात ठेवून पुन्हा चालवला. तशीच शिडी आली. मी मोजला होता तो शिळेपणा.

त्यानंतर बाजारातला नमुना बंद. इंदापूरकडच्या एका शेततळ्यावर जाऊन जिवंत मासा घेतला, तिथेच कापला. तुम्हीही दोन्हीकडे हेच करा, आणि पकडल्याची वेळ वहीत लिहा. मांस नेहमी एकाच जागेचं घ्यायचं: पाठीच्या पराखालचं पांढरं. बाजूच्या रेषेलगतचा लाल स्नायू चुकून आला तर प्रथिनांचं चित्रच बदलतं. पावसाळ्यात रोहू अंड्यांवर येतो, शरीरातला साठा तिकडे वळतो, म्हणून जुलैचा एक आणि डिसेंबरचा दुसरा अशी जोडी लावू नका. एकाच माशाचा अर्क तीन लेनमध्ये घातला म्हणजे तीन नमुने होत नाहीत, हे तर मी दोनदा ऐकून घेतलं.

आणखी एक, 'जंगली' हा शब्द जपून वापरा. उजनीत रोहूची बोटुकली सोडतात. म्हणजे धरणातला रोहूही बऱ्याचदा हॅचरीतच जन्मलेला असतो, फक्त वाढलेला मोकळ्या पाण्यात. मी प्रबंधात 'जलाशयात वाढलेला' असं लिहिलं आणि तोंडी परीक्षेत त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. चिलापीचं (तिलापिया माशाचं) वेगळं. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली, पण आता धरणांत आपली आपण वाढते.

प्रयोगशाळेतल्या कामाचं थोडक्यात सांगते. प्रथिनं आधी ब्रॅडफर्डने (रंग घालून प्रथिनं मोजायच्या पद्धतीने) मोजा, प्रत्येक लेनमध्ये सारखी घाला, नाहीतर पट्ट्याचा गडदपणा काहीच सांगत नाही. साध्या बफरमध्ये (कमी मिठाच्या द्रावणात) फक्त स्नायुरसातली प्रथिनं उतरतात. मायोसिन हवं असेल तर ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडसारखं खारट द्रावण लागतं. पार्व्हाल्बुमिन हे स्नायूंतलं छोटं प्रथिन पाहायचं असेल तर १५ टक्क्यांचं जेल करा आणि नमुन्यात घातलेल्या रंगाची निळी रेघ तळाशी पोचायच्या आत वीज बंद करा. जेमतेम १२ किलोडाल्टनचं ते प्रथिन रेघेमागोमाग पळून जातं. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्रास देणारं हेच, त्यामुळे अन्नतपासणीत पुढे जायचं असेल तर त्यावर हात बसवून घ्या. ॲक्रिलामाइड घट्ट होईपर्यंत चेतापेशींना विषारी असतं, हातमोजे काढायचे नाहीत.

ताज्या नमुन्यांच्या जेलवर दोन्ही रोहूंचे मोठे पट्टे जागच्या जागी, जवळपास सारखे आले. सुरुवातीला वाईट वाटलं. पण मासा तोच, जनुकं तीच, मग मायोसिनचं वजन कशाला बदलेल? शेतीतल्या आणि मोकळ्या पाण्यातल्या माशातला फरक जास्त करून चरबीत आणि मांसाच्या घट्टपणात दिसतो, म्हणून पुढच्या बॅचच्या मुलीला मी कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं प्रथिन) मोजायला सुचवलंय. पहिल्या फेरीला भिगवणला मीही तिच्याबरोबर जाणार आहे.