अ‍ॅथलेटिक्सची बातमीदारी करायचीय? आधी स्टॉपवॉच घ्या

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटचा पत्रकारितेचा कोर्स झाला की सगळ्यांना क्रिकेटची बीट हवी असते, तिथे आधीच ही रांग, आणि इकडे सणस ग्राउंडवर सकाळी मुली घाम गाळत असतात तेव्हा वही घेऊन बसलेलं कुणीच दिसत नाही. सुरुवात तिथूनच करा. पहिला महिनाभर छापून आणायच्या मागे लागूच नका, नुसतं बघा.

३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत घ्या. सात लॅप आणि वर थोडं, २८ अडथळे, ७ वॉटर जंप. प्रत्येक लॅपचा टाइम स्वतः घेऊन लिहून ठेवायचा, कारण रिझल्ट शीटवर शेवटचा आकडा असतो, पण पाचव्या लॅपला कोण ढिली पडली, पाण्यातून बाहेर पडताना कुणाचा वेग तुटला हे नसतं, आणि खरी बातमी तीच असते.

१००, २०० मीटर, लांब उडी, तिहेरी उडी असेल तर वाऱ्याचा आकडा विचारल्याशिवाय 'विक्रम' हा शब्द लिहू नका. पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरच्या वर असला तर रेकॉर्ड धरत नाहीत. मी एकदा न विचारता लिहिलं, दुसऱ्या दिवशी विक्रम धरलेला नाही हे त्या मुलीलाच सगळ्यांना सांगत बसावं लागलं, ते अजून डाचतं.

नुसत्या नंबरवर हेडिंग करू नका. साताऱ्याची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये स्टीपलचेसमध्ये दहावी आली, पण हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता आणि १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती. हे पहिल्या परिच्छेदात यायलाच हवं.

मुलींना 'घरून विरोध होता का', 'लग्नाचं काय' हे विचारू नका हो, प्लीज. पोरांना विचारता का? रेसचं विचारा. कोच मध्येच उत्तर द्यायला लागले तर ऐकून घ्या आणि परत तिच्याकडे वळा. मुलगी लहान असेल तर पालक किंवा कोचसमोरच बोला, फोन नंबर, पत्ता कुठेही टाकू नका.

पैशाचं म्हणाल तर स्ट्रिंगरला, म्हणजे पगारावर नसलेल्या वार्ताहराला, बातमीमागे मिळतात आणि तेही उशिरा, म्हणून सुरुवातीला दुसरं काम सोडू नका.

आणि फिनिश लाइनवर लगेच माइक पुढे करू नका. दहा मिनिटं थांबा, ती स्पाइक्स काढायला बसली की शेजारी जाऊन बसा आणि विचारा, शेवटच्या वॉटर जंपला पाय कुठे पडला?