तमत्तु हज: एहरामपासून शेवटच्या तवाफपर्यंत

हजमध्ये काय सुटले तर काय होते, हे निघण्याआधी पाठ करा. फर्ज किंवा रुक्न, म्हणजे हजचा अनिवार्य भाग, सुटला तर हज होतच नाही. वाजिब, म्हणजे त्याखालोखाल आवश्यक भाग, सुटला तर ‘दम’ द्यावा लागतो, म्हणजे हरमच्या (मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीत एक बकरा कापून गरिबांना वाटायचा. सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, सुटली तर सवाब (पुण्य) कमी होतो, हज शाबूत राहतो. काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाला, हजरे अस्वदला, ओठ टेकवण्यासाठी लोक गर्दीत जीव धोक्यात घालतात. ती सुन्नत आहे आणि लांबून हात दाखवूनही अदा होते. अराफात या मक्केबाहेरच्या मैदानाची हद्द मात्र तीच माणसे तपासत नाहीत, आणि तिच्यावर तर अख्खा हज उभा आहे.

हे दर्जे मसलकीप्रमाणे, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरेप्रमाणे, बदलतात. कोकणी मुसलमान शाफई, तर उरलेल्या महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी हनफी. हनफी मतात सई, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधले सात फेरे, वाजिब आहे. शाफई मतात ती रुक्न, त्यामुळे दम देऊन भरून निघत नाही. हजमध्ये केस कापण्याचेही तसेच. रत्नागिरी-रायगडच्या यात्रेकरूंनी हातातले पुस्तक कोणत्या मसलकीचे आहे ते आधी पाहावे.

यात्रा ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही एकेश्वरवादी धर्मांत आहे, पण तिचे बंधन सगळीकडे सारखे नाही. तोराहने ज्यू पुरुषांना पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या तीन सणांना दरवर्षी देवापुढे हजर राहायला सांगितले, आणि ते ठिकाण म्हणजे जेरुसलेमचे मंदिर. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर ती आज्ञा पूर्वीसारखी पाळता येईना. आपल्याकडचे बेने इस्राएल अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) खडकाकडे जातात, ते श्रद्धेपोटी. ख्रिस्ती लोक जेरुसलेमला, रोमला जातात, पण सक्ती कोणावरही नाही. कुराणाने (३:९७) मात्र ऐपत असलेल्यावर हज बंधनकारक केला, आयुष्यात एकदा. सुरुवातीला मुसलमान नमाजही जेरुसलेमकडे तोंड करून पढत, इ.स. ६२४ मध्ये किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, काबाकडे वळला. इब्राहीम तिघांचेही. बलिदानासाठी नेलेला मुलगा बायबलमध्ये इसहाक आहे, तर बहुतेक मुसलमानांच्या मते इस्माईल. इस्माईलची आई हाजरा हिला वाळवंटात पाणी मिळाल्याची कथा बायबलच्या उत्पत्तीतही येते. हजमध्ये ती नुसती वाचायची नसते. सईत तिच्यासारखे चालायचे असते.

भारतीय यात्रेकरू बहुधा तमत्तु करतात: आधी उमरा (छोटी यात्रा), मग एहराम, म्हणजे यात्रेची वस्त्रे आणि बंधने, सोडून थांबायचे आणि ८ जिलहिज्जला (इस्लामी वर्षाच्या बाराव्या महिन्यात) हजचा नवा एहराम. तिकिटावर पहिला मुक्काम कोणता ते पाहा. विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडू नये अशी हद्द, हवेतच ओलांडला जातो, म्हणून एहराम मुंबईतच नेसावा आणि मीकात येण्याआधी नियत (मनाचा संकल्प) करून लब्बैक म्हणावे. आधी मदिना असेल तर मुंबईत एहरामची गरज नाही. तो मक्केला निघताना जुल-हुलैफा या मदिनेजवळच्या मीकातवर बांधतात. एहरामचे कापड मोठ्या बॅगेत जाऊन विमानाच्या पोटात अडकणे ही दरवर्षीची चूक आहे. ते हातातल्या बॅगेत ठेवा.

पुरुषांना न शिवलेल्या दोन चादरी, डोके उघडे आणि पायाच्या वरचे हाड उघडे राहील अशी चप्पल. पैशाचा पट्टा चालतो. बायकांना नेहमीचे अंगभर कपडे, फक्त नकाब चेहऱ्याला टेकू नये. सुगंध वर्ज्य आहे, म्हणून विमानात मिळणारे सुगंधी ओले रुमाल आणि हॉटेलचा साबण टाळा. मांड्या घासून सोलतात, त्यासाठी बिनवासाचे व्हॅसलीन आधीच घ्या. मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी.

तवाफ, म्हणजे काबाभोवतीचे फेरे, हजरे अस्वदच्या रेषेपासून सुरू होतो. समोरच्या भिंतीवर हिरवा दिवा असतो. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे. हतीमची अर्धवर्तुळाकार भिंत काबाचाच भाग मानतात, तिच्या आतून गेलात तर तो फेरा धरला जात नाही. मोजणी चुकली तर कमी आकडा धरा. शाफई यात्रेकरूंना आणखी एक अडचण येते: गर्दीत परक्या स्त्री-पुरुषाच्या कातडीला कातडी लागली तर त्यांच्या मताने वजू (तवाफला लागणारी शुद्धी) मोडतो. याबाबत सवलत देणारे आलिम (धर्मपंडित) आहेत; आपल्या आलिमांशी घरूनच बोलून या, तिथे फेऱ्याच्या मध्यात वाद घालू नका. नंतर काबासमोरच्या मकामे इब्राहीमच्या मागे नमाजच्या दोन रकात. जागा नसेल तर मशिदीत कुठेही. मग जमजमचे पाणी आणि सई. सफा ते मरवा हा एक फेरा, परत येणे दुसरा; सातवा मरवावर संपतो. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा फेरे मारतात आणि हजआधीच पाय गमावतात.

८ तारखेला मिना, मक्केजवळचे तंबूंचे ठिकाण. ९ ला अराफात, आणि हाच हजचा गाभा. दुपार ढळल्यापासून सूर्यास्तापर्यंत हद्दीच्या आत राहायचे. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या बाहेर आहे. नमाज तिथे पढला असाल तर नंतर हद्दीचे फलक पाहून आत या. जबले रहमत या अराफातमधल्या टेकडीवर चढणे जरुरीचे नाही. तंबूतली दुआ तेवढीच कबूल, आणि उन्हात चढताना माणसे कोसळतात. २०२४ च्या हजमध्ये १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले, त्यातले बहुतेक परवान्याविना आलेले, म्हणजे थंड तंबू आणि बस नसलेले. परवाना टाळून स्वस्तात नेणाऱ्या एजंटाला नाही म्हणा. डोक्याला न टेकणारी छत्री एहराममध्ये चालते. ओआरएसची पाकिटे जवळ असू द्या आणि तहान लागायची वाट पाहू नका.

सूर्यास्तानंतर मुजदलिफा, अराफात आणि मिना यांच्यामधले मैदान. मगरिब-इशा, म्हणजे संध्याकाळची आणि रात्रीची नमाज, तिथे पोचून एकत्र. जमरांवर, म्हणजे मिनातल्या सैतानाच्या प्रतीकांवर, मारायचे खडे हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे वेचा: १० तारखेचे ७, ११ आणि १२ चे २१-२१, एकूण ४९, १३ ला थांबणार असाल तर ७०. पाच-दहा जास्त ठेवा, काही हातातून पडतात. पहाटेआधी निघून जाऊ नका, हनफी मतात पहाटेची थोडी वेळ वाजिब आहे. म्हातारे, आजारी आणि बायका यांना सूट आहे.

१० तारीख सगळ्यांत गोंधळाची. फक्त मोठ्या जमरावर सात खडे, एकेक करून, प्रत्येकाबरोबर अल्लाहु अकबर. चप्पल किंवा मोठा दगड फेकणे सुन्नतविरुद्ध आहे आणि पुढच्याचे डोके फोडते. मग कुर्बानी, मग मुंडन. बायकांनी बोटाच्या पेराएवढे केस कापायचे. हनफींनी हा क्रम मोडला तर दम लागतो, म्हणून कुर्बानी झाल्याची खात्री होईपर्यंत न्हाव्यासमोर बसू नये. शाफईंसाठी हा क्रम सुन्नत आहे. त्यानंतर मक्केत तवाफे जियारत, म्हणजे हजचा मुख्य तवाफ, हा रुक्न, आणि सई. तवाफ होईपर्यंत पती-पत्नीचे संबंध वर्ज्य. मासिक पाळी आली तर बाकी सगळे करावे, फक्त तवाफ थांबवावा. परतीची तारीख जवळ असेल तर आपल्या गटप्रमुखाला लगेच सांगा, लाजेने शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

११ आणि १२ ला दुपार ढळल्यावर तिन्ही जमरा: लहान, मधला, मोठा. तंबूला दिलेल्या वेळेतच निघा, कारण २०१५ ला मिनात दोन जथे समोरासमोर आले आणि शेकडो माणसे चेंगरून गेली. शाफईंनी १२ ला सूर्यास्ताआधी मिनाची हद्द सोडावी, नाहीतर रात्र तिथेच काढून १३ ला पुन्हा खडे मारावे लागतात.

मक्का सोडताना तवाफे विदा, निरोपाचा तवाफ. पाळीत असलेल्या बाईला तो माफ. मदिनेची जियारत हजचा भाग नाही, पण तिथल्या पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्नत या जागी दोन रकात पढायच्या असतील तर सौदी सरकारच्या नुसुक अॅपवर वेळ आधीच नोंदवा. वेळेविना दारावरून परत पाठवतात.