जोड सैल, पाट फाटलेला, करवत भरकटलेली: शाळेतल्या सुतारकामात या चुका टाळा

नववी-दहावीच्या कार्यशाळेत वस्तू बिघडली की दोष लगेच मुलांच्या हाताला दिला जातो. ‘करवत नीट धरली नाहीस’, ‘जोर जास्त लावलास’. बहुतेक वेळा हा निवाडा चुकीचा असतो. जोड सैल बसला तर चूक आखणीत झालेली असते. पाट फाटला तर चूक लाकूड आणलं त्याच दिवशी झालेली असते. पटाशी (लाकूड तासायचं सपाट पात्याचं हत्यार) घसरली तर धार लावायचं काम ‘पुढच्या तासाला बघू’ म्हणून टाळलं गेलेलं असतं. दोष जिथे दिसतो तिथून एकेक पायरी मागे जाऊन शोधायचा, हीच सवय मुलांना लागायला हवी. नाशिकच्या शाळांना तर तिची गरज जरा जास्तच आहे, कारण इथलं हवामान आणि शाळेचं वेळापत्रक एकमेकांच्या विरुद्ध चालतात.

पावसाळ्यात जोडलं, थंडीत फाटलं

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. प्रकल्पाचं लाकूड जुलै-ऑगस्टमध्ये येतं, तेव्हा हवा दमट असते आणि लाकूडही. वस्तू मात्र मांडायची असते जानेवारी-फेब्रुवारीत. निफाडचा पारा राज्याच्या बातम्यांत झळकतो ते हे दिवस, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आतलं पाणी सोडतं आणि आक्रसतं. हे आक्रसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने, लांबीत, ते जवळजवळ शून्य असतं. रुंदीत मात्र चांगलं जाणवतं. खोडाच्या वाढीच्या वलयांना समांतर जाणाऱ्या दिशेत ते गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. सागवानासारख्या शांत समजल्या जाणाऱ्या लाकडाची फूटभर रुंद फळीही दमट हवेतून कोरड्या हवेत आली की दोन-तीन मिलिमीटरने कमी होऊ शकते.

आता शाळेतला सर्वांत आवडता प्रकल्प घ्या, पाट. वर रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. मुलं पट्टीला टोकापासून टोकापर्यंत फेविकॉल लावतात, वर चार खिळे ठोकतात. वरची फळी रुंदीत आक्रसू पाहते, पण खालची पट्टी तिला हलू देत नाही, कारण पट्टीची लांबी बदलतच नाही. शेवटी फळी मधोमध फाटते. मग ‘लाकूडच खराब होतं’ असं म्हणून विषय संपतो. लाकूड चांगलं होतं, त्याला हालचालीला जागा दिली नव्हती. फेविकॉल फक्त मधल्या दोन इंचांत लावा. दोन्ही टोकांना स्क्रू लावा, पण पट्टीतलं भोक गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेने थोडं लांबट करा, म्हणजे फळी सरकली तरी स्क्रू तिच्यासोबत सरकेल. जुन्या घरांत एखादा पाट उलटा करून पाहा. पट्टी खाचेत नुसती सरकवून बसवलेली असली, तर त्या सुतारानेही याच हालचालीला वाट करून दिली होती.

दुसरी चूक साठवणीची. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवतात किंवा फरशीवर एकावर एक रचतात. उभी फळी वाकते, फरशीवरची खालून दमट राहते. फळ्या आडव्या ठेवा: जमिनीपासून वीतभर उंच, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत. ओलावा मोजायचं यंत्र शाळेकडे नसतं, पण वजनकाटा मिळतो. लाकडाचा एक तुकडा दर दोन-तीन दिवसांनी तोला आणि वजन वहीत लिहा. ते उतरायचं थांबलं की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि विज्ञानाच्या वहीतही बसतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रसामग्री ज्या खोक्यांतून येते त्यांचं पाइन बऱ्याच शाळांना स्वस्तात मिळतं. लाकूड मऊ आणि शिकायला उत्तम. पण परदेशातून आलेल्या खोक्यावरचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का आधी वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, ते वापरा. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते मुलांच्या हातात देऊ नका. त्यानंतर फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा रंध्याच्या (फळी गुळगुळीत करायच्या हत्याराच्या) पात्याची अख्खी धार घालवतो.

‘सर, मापलं तर बरोबर होतं’

मापलं बरोबर असेलही, पण कशाने? शाळेतल्या स्टीलच्या पट्टीचं टोक वर्षानुवर्षं घासलेलं असतं. शून्यापासून मापू नका. १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मापा आणि १० वजा करा. टेपचं टोकाचं हूक हलतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आतून मापताना आणि बाहेरून अडकवून मापताना हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ते तेवढंच मागेपुढे सरकतं. ‘सैल झालंय’ म्हणून ते ठोकून घट्ट केलेल्या टेपा मी पाहिल्या आहेत. त्या पुढे कधीच खरं माप देत नाहीत.

नाशकात आणखी एक घोटाळा होतो. वहीत आकृती मिलिमीटरमध्ये, वखारीत बोलणं इंच आणि सुतात. १ इंच म्हणजे ८ सूत, म्हणजे एक सूत जवळपास ३.२ मिलिमीटर. ‘६ सुताचं प्लाय’ म्हणून आणलेलं १८ मिलिमीटरचं असतं, आणि ६ सूत काटेकोर धरलं तर १९ होतात. खाच १९ ची केली की फळी त्यात खुळखुळते. त्यावर एकच उपाय आहे: प्लाय हातात आल्यावर त्याची जाडी मापा आणि आकृतीत तो आकडा लिहा. खाच आखताना तर आकडाही नको. जो तुकडा बसवायचा आहे तोच फळीवर ठेवा आणि त्याच्या कडेने खूण करा. सुतार असंच करतात. शाळेत मात्र ही नक्कल समजली जाते, त्याचं मला वाईट वाटतं.

गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं साधन, तपासायला एक मिनिट लागतं. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. खाली पडलेला प्रत्येक गुण्या असा तपासल्याशिवाय परत कपाटात जाऊ नये.

खूण पेन्सिलीने, पण जाड शिशाने नको. जोडाच्या रेघा तर धारदार पात्यानेच माराव्यात. वरचे तंतू आधीच कापले जातात आणि करवतीने कड उसवत नाही. आणि टाकाऊ बाजूवर फुली मारा. करवतीचा काप स्वतःच दीड-दोन मिलिमीटर लाकूड खातो. तो रेघेच्या कुठल्या बाजूला खायचा हे आधी ठरलं नाही, तर चौकटीची एक बाजू आखूड होणारच.

करवत एकाच बाजूला का पळते?

तीन वेगळ्या मुलांकडून त्याच करवतीने कापून घ्या. प्रत्येकाचा काप वेगळीकडे गेला तर उभं राहण्याची आणि धरण्याची पद्धत सुधारा: खांदा, कोपर आणि पातं एका रेषेत, तर्जनी पात्याच्या दिशेने ताठ, आणि करवतीचे पहिले दोन-तीन फेरे मागे ओढूनच. तिघांचाही काप डावीकडेच गेला तर दोष करवतीचा. तिच्या दातांची फाक, म्हणजे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात ते वळण, एका बाजूला जास्त झालेली आहे. शाळांत सहसा एकच करवत आडव्या (तंतूंना छेदणाऱ्या) आणि उभ्या (तंतूंच्या दिशेच्या) दोन्ही कापांना वापरतात, तेही अडचणीचं. आडव्या कापाचे दात सुरीसारखे तंतू कापतात, उभ्या कापाचे दात पटाशीसारखे खरवडतात. निदान या दोन करवती तरी वेगळ्या घ्या.

बोथट पटाशी जास्त धोक्याची

पालकांना उलटं वाटतं, म्हणून सांगतो. धारदार पटाशी थोडाच जोर लावून कापते आणि ताब्यात राहते. बोथट पटाशीला मूल अंगाचा जोर लावतं, मग ती सुटते. दुकानातून आणलेली नवी पटाशीही तयार नसते. आधी तिची सपाट पाठ दगडावर घासून खरोखर सपाट करायची, मग धार सुमारे २५ अंशांवर घासायची आणि शेवटचं बारीक टोक ३० अंशांवर. अंगठ्यावर फिरवून धार बघू नका. पाइनच्या फळीच्या कापलेल्या टोकावरून पातळ काप काढा. पृष्ठभाग चकचकीत आला तर धार आहे, चुरडलेला आला तर नाही. लाकूड शेगड्यात (बाकाला बसवलेल्या पकडीत) पक्कं बांधा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा, यात सवलत नाही.

रंध्याने लाकूड उचकटत असेल तर पात्याला हात लावण्याआधी फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून मारून पाहा. फळीच्या बाजूच्या कडेवर रेषा कुठे वर चढतात ते दिसतं. रंधा चढत्या रेषेसोबत चालवायचा. तरीही उचकटलं तर पातं कमी बाहेर काढा. आणि वाटणी करताना मुलांना रंधा-करवत, मुलींना पॉलिश पेपर, असं करू नका. ओढणी आणि केस बांधायला सांगा, बाकी हत्यारं सगळ्यांना सारखी द्या.

चिकटवणं आणि ठोकणं

फळीच्या कापलेल्या टोकाला नुसता फेविकॉल लावून जोडलं तर ते टिकत नाही. टोकाच्या उघड्या नळ्या सगळा गोंद शोषून घेतात. त्या टोकात स्क्रूही नीट धरत नाही. म्हणूनच हाफ लॅपसारखा जोड (दोन्ही तुकडे अर्ध्या जाडीचे कापून एकमेकांवर बसवलेला) शिकवतात: त्यात लाकडाच्या लांब बाजू एकमेकांना भिडतात. थंडीतल्या सकाळी, पारा १० अंशांच्या खाली असताना फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावला तर तो कधीकधी खडूसारखा पांढरट वाळतो आणि जोड हाताने सुटतो. अशा दिवसांत चिकटवायचं काम दुपारच्या तासाला घ्या, क्लॅम्प निदान अर्धा-एक तास ठेवा आणि पूर्ण ताकदीसाठी २४ तास थांबा.

८ नंबरच्या स्क्रूसाठी आधी साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा, मऊ लाकडात थोडं कमी. कडेजवळ खिळा ठोकताना त्याचं टोक आधी हातोडीने किंचित बोथट करा. टोकदार खिळा तंतू फाकवतो, बोथट खिळा तंतू तोडत आत जातो.

कागदावर सुंदर, जमिनीवर डुगडुगणारं

डिझाइनमध्ये मुलं आकारावर वेळ घालवतात आणि तीन प्रश्न विसरतात: वजन कुठे येणार, पाणी कुठे लागणार, रेषा कुठल्या दिशेला जाणार. स्टुलाच्या पायात रेषा तिरकी गेली की पाय तिथेच मोडतो. कुंडीच्या स्टँडचे पाय ओल्या फरशीवर उभे असतात आणि टोकातून पाणी वर ओढतात. जुन्या नाशकातले वाडे मुलांना दाखवा. तिथे लाकडी खांब जमिनीला टेकत नाही, त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. स्टँडच्या पायांना रबरी बूट लावा आणि टोकांना पॉलिशचे जादा हात द्या, की तेच काम होतं.

आकृतीत आपल्याकडच्या प्रथम कोन पद्धतीप्रमाणे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. इंटरनेटवरची अमेरिकी आकृती उतरवली की ते वर जातं आणि मुलं गोंधळतात. लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं मॉडेल करा. खोक्याचा पुठ्ठा फुकट असतो, आणि खुर्चीची उंची चुकल्याचं त्यावर टेकून बघता येतं.

घासाई आणि ऐनवेळची दुरुस्ती

पॉलिश पेपर ८०, १२०, १८० नंबर अशा क्रमाने, म्हणजे जाडसर ते बारीक, आणि कायम रेषेच्या दिशेने. आडवं घासलेले ओरखडे पॉलिश चढल्यावरच दिसतात. फेविकॉलचा ओघळ राहिला तर तिथे पॉलिश शिरत नाही आणि फिकट डाग पडतो, म्हणून ओला असतानाच पुसून घ्या. घासताना मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात मोडते, आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या फळीच्या) धुळीत फॉर्माल्डिहाइडवर आधारलेला गोंदही असतो. वर्ग झाडताना भुसा आधी पाण्याने शिंपडा.

उद्या वस्तू मांडायची आहे आणि जोड सैल आहे, असं झालं तर भुसा-फेविकॉलचा लगदा भरू नका. तो फट झाकतो, ताकद देत नाही. त्याच लाकडाचा रंध्याने पातळ पापुद्रा काढा, गोंद लावून रेषा जुळतील असा तो फटीत सरकवा, क्लॅम्प करा आणि वाळल्यावर वरचं टोक धारदार पटाशीने कापून टाका.